काळ्या दोऱ्याचं पान

सोलापुरात मी नऊ वर्षं ज्या पुस्तकांची राखण केली ती माझ्या धर्माची नव्हती, माझ्या भाषेतली नव्हती, आणि त्यांतली बरीचशी जगाच्या शेवटाबद्दल होती. माझ्या लग्नाच्या बोलण्यात मुलीकडच्यांनी "मुलगा काय करतो?" असं विचारलं की आमचे मामा सांगायचे, "लायब्ररीत हाय. समदी इंग्रजी पुस्तकं हायत." त्यापुढं ते जात नसत. कसली पुस्तकं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

आम्ही सांगोल्याकडचे. वडील मेंढरं राखायचे. आमच्या घरात, आणि खरं सांगायचं तर आमच्या आळीतही, बी. ए. झालेला मी पहिला. त्यावर ग्रंथालयाचा सर्टिफिकेट कोर्स केला. मिशनच्या आवारात प्रचारक तयार करण्याचा एक धर्मशिक्षण वर्ग चालायचा, त्यांना ग्रंथपाल हवा होता. ख्रिस्ती माणूस त्या पगारात मिळाला नाही म्हणून मला घेतलं. वडिलांना भीत भीत सांगितलं. ते काठी टेकून उभे होते. म्हणाले, "देव कुणाचा बी असंना. पुस्तकं ऊन-पावसात चारायला न्यावी लागत न्हाईत न्हवं? मग जा."

बाहेरच्या माणसाला हे काम समजावं म्हणून थोडं सांगतो. बायबल सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पण बायबलाच्या मागं केवढं मोठं गोदाम आहे ते पाहिलेलं नसतं. मूळ ग्रीक भाषेचे कोश. कुठला शब्द कुठं कुठं आला हे सांगणाऱ्या जाडजूड सूची. एकेका ओळीवर चार चार पानं लिहिणारी भाष्यं. पहिल्या शंभर-दीडशे वर्षांत जे लोक ख्रिस्ती झाले, त्यांच्या छोट्या छोट्या मंडळ्या कुठल्या गावात होत्या, ते काय धंदा करायचे, सरकार त्यांना का छळायचं, याचे अभ्यास. त्या गावांत खणताना काय सापडलं याचे अहवाल, नकाशे, दगडांचे फोटो. आमच्याकडे तीन खोल्या भरून हे सगळं होतं. त्यात सगळ्यात जास्त कपाटं होती ती बायबलातल्या शेवटच्या पुस्तकाची, प्रकटीकरणाची. त्यात सात शिक्के आहेत, चार रंगांचे घोडे आहेत, समुद्रातून वर येणारं श्वापद आहे. दोन हजार वर्षं माणसं ते वाचून 'हे आपल्याबद्दलच आहे' म्हणत आलीत, आणि विद्वान मंडळी 'जरा थांबा, हे आधी कुणाला लिहिलं होतं ते बघा' म्हणत आलीत. आमच्या कपाटांत हे थांबवणारे होते.

गिऱ्हाइकं थोडी. वर्गाचे विद्यार्थी परीक्षेच्या आधी आठ दिवस दिसायचे, कणकेवर माश्या याव्यात तसे. एक वकील यायचे, ते फक्त नकाशे बघायचे आणि उसासा टाकून जायचे. एकदा बाजारातला एक माणूस आला, खुर्चीत बसला आणि हळूच म्हणाला, "साहेब, तुमच्या पुस्तकात एक आकडा हाय म्हनं." मी म्हटलं, आहे, सहाशे सहासष्ट. त्यानं हातावर लिहून घेतला. प्राचीन काळी अक्षरांना आकडे कसे देत, त्यातून हा आकडा कसा आला, हे मी त्याला पंधरा मिनिटं समजावलं. तो म्हणाला, "ते असू द्या. मटक्यात ओपनला लावू का क्लोजला, तेवढं सांगा." आठवड्यानं तो पुन्हा रस्त्यात भेटला, माझ्याकडं बघून थुंकला.

आणि एक देवदान आजोबा.

ते गिरणीतून निवृत्त झालेले. तीस वर्षं वाइंडिंग खात्यात सूत गुंडाळलं. शिक्षण सातवीपर्यंत, पण इंग्रजी डिक्शनरी घेऊन शब्दाला शब्द जोडत वाचायचे. रोज दहाला यायचे, चप्पल दाराबाहेर काढायचे, आणि मला म्हणायचे, "काय ग्रॅज्युएट, आज कपाट उघडणार का संप हाय?" त्यात टोमणा होता, पण मला तो गोड लागायचा. ग्रॅज्युएट म्हणून मला हाक मारणारं सोलापुरात दुसरं कोण होतं.

आजोबा मराठीत एक पुस्तक लिहीत होते. प्रकटीकरणावर, खेड्यातल्या मंडळ्यांसाठी. "आमच्या लोकांना घोडे आन् श्वापदं तेवढी ठाऊक," ते म्हणायचे. "ज्यांना हे पत्र आलं ती मानसं कुनाला ठाऊक न्हाईत. अवो, त्यांच्यातले निम्मे विणकर आन् रंगारी. आपल्यासारखेच की." अशी कामं विद्यापीठातली माणसं करतात. हा माणूस ते डबा खाऊन, चष्म्याला दोरी बांधून करत होता. मी आत कुठंतरी हसायचो. आज सांगायला लाज वाटते, पण हसायचो.

आमच्या ग्रंथालयाचे जुन्या साहेबांच्या काळापासूनचे दोन नियम होते. दीक्षा झालेल्या पाळकांशिवाय कुणाला पुस्तक घरी न्यायची परवानगी नाही, आणि वाचनाच्या खोलीत शाई-पेन, पेन्सिल, काही आणायचं नाही. आजोबा पाळक नव्हते. त्यामुळं ते इथं वाचायचे, डोक्यात ठेवायचे आणि घरी जाऊन लिहायचे. एवढं डोक्यात कसं ठेवतात हे मी कधी विचारलं नाही.

बहात्तर सालच्या दुष्काळात, हिवाळ्यात, वर्ग चालवणाऱ्या संस्थेची तपासणी ठरली. बाहेरून कमिटी येणार होती. कोर्समध्ये शिकलेलं दाखवायची मला पहिलीच संधी. मी प्रत्येक पुस्तक कपाटातून काढलं, झटकलं, कार्ड तपासलं. बारा पुस्तकं फाटकी होती, त्यांत बहुतेक जुन्या मासिकांचे गठ्ठे, ती नंबरानं मोजून बाइंडरकडे दिली. सगळी एकसारखी, काळं रेक्झिन, पाठीवर सोनेरी आकडे. नाव घालू नको म्हटलं, कारण आमचा बाइंडर इंग्रजी नावं उलटी घालायचा.

आणि झटकताना मला दोरे सापडले. पानापानांत सुताचे तुकडे. लाल, काळे, पांढरे, निळे, वितभर लांब, काहींना गाठी मारलेल्या. मला वाटलं, विद्यार्थ्यांनी खुणेला घातलेत आणि विसरलेत. कोर्समध्ये शिकवलं होतं: पुस्तकात टाचणी, फूल, कागद, दोरा काही ठेवू नये, कसर लागते. मी दोन आठवडे एकेक दोरा ओढून काढला. टेबलावर ढीग झाला, मेंढरं कातरल्यावर पडतो तसा. झाडणाऱ्या बाईनं तो पाल्याबरोबर जाळला.

कमिटी आली. अध्यक्षांनी काळ्या पाठींवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "व्हेरी नीट." ते दोन शब्द मी वडिलांना पत्रानं कळवले.

आजोबा त्या काळात तापानं घरी पडून होते. फेब्रुवारीत आले ते हातात एक पोस्टकार्ड घेऊनच. नेहमीचा टोमणा नाही. थेट कपाटाशी गेले, एक पुस्तक काढलं, पानं चाळली. ठेवलं. दुसरं काढलं. तिसरं काढलं. मग स्टुलावर बसले.

"दोरे?" त्यांनी विचारलं.

"काढले की. कचरा होता सगळा."

"सगळे?"

"एकही ठेवला नाही," मी म्हणालो. तेव्हासुद्धा माझ्या आवाजात ऐट होती.

त्यांनी मांडीवरचं तिसरं पुस्तक मिटलं. मग बोलले ते कुणाला हिशोब समजावून द्यावा तसे शांतपणे. लाल दोरा म्हणजे छळाचा मजकूर. पांढरा म्हणजे मरण पत्करलेल्यांचा. निळा म्हणजे त्या गावांतले धंदे, बाजार, राहणी. काळा म्हणजे दुष्काळ. एक गाठ म्हणजे वाचलं. दोन म्हणजे पटलं. तीन म्हणजे माझ्या पुस्तकात घ्यायचं. "तुमी यायच्या आदीपासनं, नऊ वर्सं घातली त्याला," ते म्हणाले. "आकडा मी इसरतो, रंग न्हाई इसरत. गिरनीत तीस वर्सं रंगावरच काढली."

मी म्हटलं, "तुम्ही मला सांगायचं ना."

"व्हय की," ते म्हणाले. "सांगायला पायजे व्हतं."

मग त्यांनी ते कार्ड माझ्यापुढं केलं. ते त्यांच्या जावयाचं होतं.

जावई याकोब आमच्याच सांगोल्याकडच्या एका गावचा. आजोबांची मुलगी बाळंतपणात गेलेली. तिची एकुलती पोर शलोमी, ती आजोबांनी इथं मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगात ठेवलेली. त्या वर्षी ती मॅट्रिकला होती. पुढं नर्सिंगला जायचं ठरलं होतं. वर्गात पहिल्या तिनात असायची. याकोबनं कार्डात लिहिलं होतं की येत्या रविवारी येऊन मुलीला नेतो. गावी एक फिरता उपदेशक आलाय. हा दुष्काळ म्हणजेच प्रकटीकरणातला काळा घोडा, त्यावरच्या स्वाराच्या हातात तराजू, दिवसभराच्या मजुरीत माणसाचं एकट्याचं पोट भरेल एवढंच धान्य, ते आज जसंच्या तसं घडतंय. शेवट जवळ आलाय, परीक्षेच्याही आधी. शेरडं विकली, दुष्काळी कामावर जाणं सोडलं. पोरीनं आपल्या माणसांत असावं. खाली शेवटची ओळ होती: 'तुम्ही मोठाली पुस्तकं वाचता. त्यात वेगळं छापलेलं असेल तर दाखवा, मी ऐकेन.'

याकोब वाईट माणूस नव्हता, हे मला लिहिलंच पाहिजे. बायको गेलेली, विहिरीत खडक दिसतोय, दिवसभर खडी फोडायची आणि रेशनचा लाल मिलो, ती परदेशी ज्वारी, खायची. त्याला कुणीतरी येऊन सांगितलं की या सगळ्याला अर्थ आहे. मी आमच्या गावात माणसं याहून कमी गोष्टीच्या मागं गेलेली पाहिलीत.

"आन् ते पान हाय आपल्याकडं," आजोबा म्हणाले. "काळा दोरा, तीन गाठी."

ते पान काय होतं ते सांगतो. ज्या मुलखातल्या मंडळ्यांना हे पत्र लिहिलं, त्याच मुलखातल्या एका गावात एक शिलालेख सापडलाय. तिथंही दुष्काळ पडलेला, व्यापाऱ्यांनी धान्य दडवलेलं, आणि अधिकाऱ्यानं हुकूम काढला की ज्याच्याकडे धान्य आहे त्यानं ते बाहेर काढावं आणि ठरवून दिलेल्या भावानंच विकावं. म्हणजे काळा घोडा त्या लोकांच्या स्वतःच्या बाजारातून गेलेला होता. त्यांनी तो पाहिला, उपास काढले, आणि जग राहिलं. पुढच्या वर्षी त्यांनी पेरलं. आजोबांच्या सगळ्या पुस्तकाची मेढ ती होती.

"पुस्तक कुठलं?" मी विचारलं.

"नाव ध्यानात न्हाई. उंच. तपकिरी. एक कोपरा उंदरानं खाल्लेला. आत दगडाचा फोटो."

गुरुवार, शुक्रवार, शनिवार आम्ही शोधलं. मी प्रकटीकरणाची कपाटं घेतली, कारण माझ्या वर्गीकरणाप्रमाणं प्रकटीकरणाचा मजकूर तिथंच असणार. आजोबा इतिहासाच्या कपाटापुढं उभे राहून तपकिरी रंग शोधत होते. काही दोऱ्यांची पानं त्यांना आठवणीनं सापडलीही, पण ती लाल-निळ्याची. शनिवारी त्यांनी विचारलं, "ही काळी कुटली?" मी वर न बघता म्हणालो, "ती मासिकांची. बांधून आणलीत." ते पुढं सरकले.

शनिवारी निघताना ते दारात थांबले. "न्हाई सापडलं तर न्हाई सापडलं म्हणून सांगू," ते म्हणाले. "उद्या तेवढं ध्यानात ठेवा, ग्रॅज्युएट."

रविवारी उपासना संपल्यावर मी ग्रंथालय खास उघडलं. याकोब आला. उन्हानं रापलेला, धुतलेला सदरा, हातात पिशवी. मागं शलोमी, दोन वेण्या, बोर्डिंगची पत्र्याची पेटी बाहेर व्हरांड्यात ठेवून आलेली. तिनं आजोबांकडं बघितलं. त्या बघण्यात भीती नव्हती. तिची खात्रीच होती की आजोबा दाखवणार आणि ती पेटी उचलून परत बोर्डिंगात जाणार.

याकोब म्हणाला, "मामा, मी वाद घालाय आलो न्हाई. छापलेलं दाखवा."

आजोबांनी तोंड उघडलं. ते काय बोलणार होते ते मला ठाऊक होतं. आणि मला ते सहन होईना. माझं ग्रंथालय, माझी तपासणी, माझे सोनेरी आकडे, आणि या माणसाला सांगायचं की एक पान सापडत नाही? मी सगळ्यात जाड भाष्य उचललं, काळ्या घोड्याचा अध्याय उघडला, आणि आजोबांनी मला तोंडी सांगितलेलं सगळं त्या पानावर असल्यासारखं वाचून दाखवलं. भाव, हुकूम, दगड, पुढच्या वर्षीची पेरणी. मी चांगलं वाचलं. मधे इंग्रजी शब्दही घातले.

याकोब ऐकत होता. त्याचा चेहरा सैल झाला, ओझं उतरवताना होतो तसा. "हे छापलंय?"

"छापलंय."

"शलोमे," तो म्हणाला, "वाच बगू. बोट ठिवून वाच."

त्याला शंका आली नव्हती, असं मला आजही वाटतं. लेकीच्या तोंडून ऐकायचं होतं त्याला. तिनं बोट ठेवलं. इंग्रजी तिचा आवडता विषय. ती ओळीओळीनं सरकत गेली, ओठ हलवत. पान उलटलं. परत मागं आली. मग तिनं वर बघितलं, आणि खरं ते सांगितलं, कारण बोर्डिंगात तिला तेच शिकवलेलं.

"यात घोड्यांच्या रंगांचं आहे, बाबा. दगडाचं काही नाही."

याकोबनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तो आजोबांना म्हणाला, "मामा, तुमी बी?"

"पान हाय, याकोबा," आजोबा म्हणाले. "आत्ता हातात न्हाई."

"हातात न्हाई म्हंजे न्हाईच की."

त्यांनी पेटी उचलली. शलोमी दारातून वळली, पण माझ्याकडं नाही. तिनं आजोबांकडं बघितलं, आणि ते बघणं मी इथं लिहू शकत नाही.

पुढचं थोडक्यात. उपदेशकानं शेवटाचा म्हणून दिलेल्या दिवशी ते लोक माळावर जमले, गाणी म्हटली, आणि दिवस मावळल्यावर घरी गेले. उपदेशक दुसऱ्या तालुक्यात निघून गेला. शलोमीचं हॉलतिकीट बोर्डिंगात आलं. मॅट्रिकचे पेपर झाले त्या आठवड्यात ती सांगोल्याच्या रस्त्यावर पाटीनं खडी वाहत होती, कारण विकायला शेरडं उरली नव्हती. आजोबांनी ते हॉलतिकीट कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं होतं. एकदा रुमाल काढताना पडलं म्हणून मला कळलं.

एप्रिलमध्ये मी बाइंडिंगचं रजिस्टर पुस्तकांशी पडताळत होतो. बारापैकी नऊ मासिकं. तीन पुस्तकं. अकरावा नंबर उघडला तर आत दगडाचा फोटो. बाइंडरनं कडा कापून सारख्या केल्या होत्या, उंदरानं खाल्लेला कोपरा त्याबरोबर गेला होता. पुढच्याच पानावर तो हुकूम. हे पुस्तक त्या तीन दिवसांत, आणि त्या रविवारी, इतिहासाच्या कपाटात छातीच्या उंचीवर उभं होतं. याकोब ज्या जागी उभा होता तिथून हात लांबवला असता तर पोचला असता.

मी सायकल काढून आजोबांच्या चाळीत गेलो. ते माझ्याबरोबर आले. पुस्तक हातात घेतलं, रेक्झिनचा वास घेतला, पान वाचलं. मग कोटाच्या अस्तराचा एक काळा दोरा ओढून तोडला, त्याला तीन गाठी मारल्या आणि पानात ठेवला.

"शलोमीला कळवूया," मी म्हणालो. "मी जातो गावी. मी सांगतो सगळं."

"नगं. मी सांगतो तिला," ते म्हणाले. "माज्या नातीचं हाय. तुमी नगा पडू."

मला सुटल्यासारखं झालं. हेही लिहून टाकतो.

त्यानंतर दर शनिवारी आम्ही दोरे परत घालत गेलो. मी वाचून दाखवायचो, ते रंग सांगायचे. ते सूत घरून आणायचे. पण नऊ वर्षांचं काम शनिवारी शनिवारी किती भरून येणार. त्यांचे डोळे अधू झाले होते, लाल आणि काळा वेगळा कळेना. दोन वर्षांनी ते वारले. तीन वह्या लिहून झाल्या होत्या, चौथ्या शिक्क्यापाशी लिखाण थांबलेलं. मातीला शलोमी आली होती. मी लांब उभा राहिलो. वह्या ती घेऊन गेली.

मग दशक संपता संपता वर्गच बंद झाला. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या संस्थेत विलीन करायचं ठरलं, पुस्तकं तिकडं जायची होती. मी खोक्यांत भरत होतो. दुपारी दारात एक बाई उभी राहिली. बाहेर चप्पल काढली तेव्हा मी ओळखलं, कारण तिनं ती आजोबांच्याच जागी काढली.

शलोमी आता बावीस-तेवीसची होती. गावाकडच्या दवाखान्यात झाडण्या-पुसण्याचं, रोग्यांचं करण्याचं काम करायची. बोलणं गावचं झालं होतं.

"पुस्तकं चाललीत म्हनं," ती म्हणाली. पिशवीतून वही काढली. शेवटच्या लिहिलेल्या पानावर आजोबांच्या अक्षरात होतं: काळा दोरा, तीन गाठी, पान आहे. "हे खरं हाय का, तेवडं बगायचं व्हतं. ते कदी खोटं बोलत नसत. फकस्त त्या दिवशी बोलले. मग ह्येबी खोटंच का, म्हणून इचारायला आले."

मी खिळे ठोकलेलं खोकं उघडलं. पुस्तक काढलं. दोरा होता. तिनं बोट ठेवलं आणि वाचायला लागली, तशीच, ओठ हलवत. वेळ लागला. मधे दोन शब्द मला विचारले. संपल्यावर तिनं विचारलं, "हे तवा कुटं व्हतं?"

मी कपाट दाखवलं. आता ते रिकामं होतं.

ती उठली. बाबा उभे होते त्या जागी उभी राहिली, मग स्वतःच्या जागी. मग हात लांब करून रिकाम्या फळीला लावला. "हितं?"

"तिथंच."

मग मी तिला सगळं सांगितलं. दोरे, तपासणी, काळं रेक्झिन, आणि ते खोटं वाचणं माझं होतं, आजोबांनी आदल्या दिवशी मला बजावलं होतं, हेसुद्धा. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आजोबांना पान सापडल्याचं ठाऊक व्हतं?"

"हो. एप्रिलमध्येच. ते म्हणाले, मी सांगतो तिला."

"न्हाई सांगितलं." तिनं वही मिटली. "दोन वर्सं मी त्यांच्याशी धड बोलले न्हाई. सनाला यायचे, ओसरीवर बसायचे, चा पिऊन जायचे. एक शब्द न्हाई बोलले तुमच्याबद्दल."

मी विचारलं, पाणी देऊ का. ती नको म्हणाली.

"चिठ्ठी लिवून द्या," ती म्हणाली. "पुस्तकाचं नाव, पान नंबर. खाली सही करा, शिक्का मारा. बाबांना दावते. छापलेलं मागत व्हते ते."

मी लिहून दिली. शाईनं. शिक्का मारला. तिनं चिठ्ठी वहीत ठेवली. मग उघड्या पुस्तकातून तो काळा दोरा काढला आणि बोटाला गुंडाळला.

"तो राहू दे," मी म्हणालो. "ती खूण आहे."

"र्‍हाऊन काय उपेग," ती म्हणाली. "तितं बी कुनीतरी शिकलेला असंलच की."

ती गेल्यावर मी पुस्तक खोक्यात ठेवलं आणि खिळे पुन्हा ठोकले.